देवराईतली गोळी

ठाणे जिल्ह्यात 'याला ठाण्याला पाठवायला पाहिजे' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक सरळ, दुसरा टिंगलीचा; आणि दुसराच जास्त चालतो. पुण्याकडे हेच वाक्य येरवड्याच्या नावाने बोलले जाते. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. सव्वाशे वर्षांत आपल्या बोलीने वेडाला एक पत्ता देऊन टाकला. वेड म्हणजे जिथे माणूस पाठवायचा ती जागा, असा त्या वाक्यातला समज आहे.

गेली सत्तर वर्षे मात्र मनाच्या आजाराचा बहुतांश उपचार जागेत होत नाही, गोळीत होतो. माणूस घरात असतो, शेतावर जातो, लग्नाच्या पंगतीत वाढतो, आणि रात्री जेवण झाल्यावर फडताळातून एक पट्टी काढतो. या माणसासाठी बोलीत शब्दप्रयोग नाही. साहित्यात आणि पडद्यावर तो आहे का, असला तर कसा, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. मी डॉक्टर नाही. धसईसारख्या गावात राहून जे शोधनिबंध, पुस्तके आणि चित्रपट हाताशी आले ते वाचत-पाहत गेलो. त्यामुळे पुढचे विवेचन चित्रणाचे आहे, उपचारसल्ल्याचे नाही. चालू असलेली गोळी लेख वाचून कुणी बंद करू नये. अचानक बंद केल्याचे परिणाम गोळीपेक्षा वाईट असू शकतात.

सुरुवात १९५७ सालापासून करू. त्या वर्षी वसंत कानेटकरांचे पहिले नाटक, 'वेड्याचं घर उन्हात', आले. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ढासळत्या मनाचे हे नाटक. मराठी रंगभूमीवर मनोविश्लेषणाचा वारा त्यात स्पष्ट जाणवतो: आजाराचे मूळ घरात, नात्यात, दडपलेल्या भूतकाळात. त्याच १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मनावरच्या आणि रक्तदाबावरच्या नव्या औषधांच्या कामासाठी सहा जणांना मिळाला. त्यांत एक नाव मुंबईचे होते, डॉ. रुस्तम जाल वकील. वकील हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे त्यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रुग्णांच्या नोंदींसह मांडले. त्याआधी १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी याच मुळीबद्दल लिहिताना रक्तदाबाबरोबर उन्मादाचाही उल्लेख केला होता. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतून रेसरपिन वेगळे काढले आणि १९५४ साली नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णांवरचे त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे रेसरपिन मागे पडले. १९५२ सालीच पॅरिसमध्ये वापरात आलेले क्लोरप्रोमाझिन पुढे गेले.

म्हणजे आपल्या नाटकात वेड घराच्या भिंतींत मुरत होते त्याच वर्षी वेडाच्या औषधाच्या इतिहासात मुंबईचा एक डॉक्टर आणि या मातीतली एक मुळी नोंदली गेली. या दोन गोष्टींची मराठी ललित लेखनात कधी गाठ पडली नाही. कानेटकरांना दोष देण्यात अर्थ नाही. नाटकाला घर लागते, मुळी लागत नाही. पण त्यानंतर कितीतरी वर्षे आपली मनोरुग्ण पात्रे दुःखाने वेडी झाली, प्रेमाने वेडी झाली, अन्यायाने वेडी झाली, आणि बरी झाली तर अश्रूंनी, आईच्या हाकेने किंवा डोक्यावर दुसरा फटका बसून. हिंदी चित्रपटाने यात विजेच्या शॉकची भर घातली. आजही आमच्याकडे 'मानसोपचार' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते यंत्र येते. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ही उपचारपद्धती वापरण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी घातली आहे, हे त्या प्रतिमेपर्यंत पोहोचलेले नाही.

गोळीला मराठी पडद्यावर खरी जागा मिळाली ती २००४ सालच्या 'देवराई'त. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट ज्या कारणाने निघाला ते कारणच वेगळे होते. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात या आजाराबद्दल जागृती करणारी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला, आणि 'देवराई'मागेही तेच बळ होते. चित्रपट एका अर्थाने जागृतीचे साधन म्हणून जन्मला. अशा कामाचा नेहमीचा धोका म्हणजे पात्रे लक्षणांच्या यादीसारखी वागू लागतात. अतुल कुलकर्णींचा शेष तसा होत नाही. कोकणातल्या बागायती घरातला, बुद्धीने तल्लख, देवराईच्या झाडांशी जिवाचे नाते असलेला हा माणूस आधी माणूस म्हणून कळतो आणि मग रुग्ण म्हणून. सोनाली कुलकर्णींची सीना, त्याची बहीण, तर चित्रपटाचा कणाच आहे. भावाला आपल्या घरी आणल्यावर तिच्या संसारावर येणारा ताण, नवऱ्याचा संयम आणि त्या संयमाची हद्द, हे सगळे न सजवता दाखवले आहे. घरात असा रुग्ण असलेल्या कुटुंबांना 'हे आमचेच' असे वाटले असेल तर त्यात नवल नाही.

माझा प्रश्न देवराईबद्दल आहे. शेषला देवराई वाचवायची आहे. ही इच्छा निरोगी माणसाने धरली तर आपण त्याला पर्यावरणप्रेमी म्हणतो. शेषच्या बाबतीत ती हळूहळू भ्रमाच्या जाळ्यात ओढली जाते आणि प्रेक्षकही तिच्याकडे लक्षण म्हणून पाहू लागतो. औषधाने आवाज कमी झाले, भास विरले, तर देवराईचे काय होते? ती रोगाबरोबर जाते, की रोग गेल्यावर मोकळी होते? आमच्याकडेही देवाच्या नावाने राखलेल्या झाडीचे तुकडे आहेत आणि त्यांच्यासाठी भांडणारी माणसे गावात बहुधा 'थोडी चक्रम' समजली जातात, म्हणून हा प्रश्न मला नुसता रूपकाचा वाटत नाही. शेषचे बरे होणे अपुरे, हळू आणि सांभाळून जगण्यासारखे ठेवण्याचा प्रामाणिकपणा चित्रपटाने दाखवला आहे. पण गोळीचा गुण जितका दिसतो, तितका गोळीचा भार दिसत नाही. या वर्गातल्या औषधांनी हात थरथरतात, अंग ताठरते, तोंडाला लाळ सुटते, एका जागी बसवत नाही, वजन वाढते, काहींना साखर जडते. बरेच रुग्ण औषध सोडतात ते याच कारणाने, आजार समजला नाही म्हणून नव्हे. जागृतीसाठी निघालेल्या चित्रपटाने हे मोठ्या अक्षरांत दाखवायला कचरावे, हे मी समजू शकतो. माणसे औषधाला घाबरतील, ही भीती खरी होती. तरी जो प्रेक्षक गोळी घेतो त्याला आपले शरीर पडद्यावर सापडत नाही, हेही खरे.

बारा-तेरा वर्षांनी याच जोडीने 'कासव' केला. चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. इथे विषय नैराश्याचा आहे. इरावती हर्षे यांची जानकी स्वतः उपचारातून गेलेली. आलोक राजवाडेने केलेला तरुण जगणे संपवायला निघालेला. ती त्याला घरी आणते आणि काहीच विचारत नाही. नाव नाही, गाव नाही, कारण नाही. किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचे काम चालू असते. अंडे आपल्या वेळेने फुटते, पिल्लू आपल्या पायांनी पाण्याकडे जाते, राखणाऱ्याने फक्त कुत्र्या-कावळ्यांना दूर ठेवायचे. चित्रपटाच्या निर्मितीत असलेले आणि दत्ताभाऊंची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तरीही गोळी इथे मागे आहे आणि धीर पुढे.

चित्रपट म्हणून 'कासव' मला 'देवराई'पेक्षा सरस वाटतो. त्याला काही पटवून द्यायचे नाही, त्यामुळे त्याचा श्वास मोकळा आहे. पण मुरबाड तालुक्यातल्या वाडीत बसून तो पाहताना हिशेब मनातून जात नाही. जानकीकडे समुद्राजवळ घर आहे, गाडी आहे, मदतीला माणसे आहेत, आणि सगळ्यांत महाग वस्तू आहे, ती म्हणजे वेळ. काही न विचारता कुणाच्या उशाशी आठवडेच्या आठवडे बसणे रोजंदारीवरच्या घराला परवडत नाही. ज्या घरात उशाशी बसायला माणूस नाही तिथे गोळी माणसाच्या जागी येते. 'नुसत्या गोळ्या काय देता, बोला त्यांच्याशी' हे शहरी सुशिक्षितांचे बोलणे बरोबर असले तरी त्यात हा खर्च धरलेला नसतो.

बोलणे बंगल्यातच शक्य आहे असे मात्र नाही, आणि त्याचा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या, खास शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सहा ते आठ बैठका. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या बैठका आरोग्य केंद्रात किंवा घरी होत. यावर चित्रपट निघालेला नाही, आणि निघाला तर त्यात समुद्र बहुधा खिडकीतून दिसणार नाही.

पडद्याकडून आता छापील मजकुराकडे. मराठीत मनाच्या आजारांवर सुबोध लिहिणाऱ्यांची परंपरा चांगली आहे. १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्य संस्था उभारणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांचे लेखन, अच्युत गोडबोले आणि नीलांबरी जोशी यांचे दोन भागांतले 'मनकल्लोळ', वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक. या साऱ्यांनी मिळून एका पिढीची भाषा बदलली, हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो. आरोग्यविषयक लेखात एक उपमा आता इतकी रुळली आहे की ती उपमा आहे हे विसरायला होते: मधुमेहाला जसे इन्सुलिन, तशी मेंदूतल्या बिघडलेल्या रसायनांना गोळी.

या उपमेने मोठे काम केले. आईच्या वागण्याने मुलगा बिघडला, सुनेने करणी केली, पूर्वजन्मीचे भोग आहेत, या सगळ्यांतून घराची सुटका झाली. आजार म्हटला की दोष उरत नाही. पण उपमा तपासली की ढिली निघते. साखर मोजता येते. नैराश्य मोजणारी रक्ततपासणी नाही. या औषधांचा जन्मही उलट दिशेने झाला. रसायन कमी आहे असे आधी सापडले आणि मग औषध शोधले, असे घडलेच नाही. क्षयरोगावरचे इप्रोनियाझिड घेणारे रुग्ण उल्हसित दिसू लागले, इमिप्रामिन स्किझोफ्रेनियासाठी तपासताना नैराश्यावर लागू पडले, लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियात जॉन केड यांना १९४९ साली वेगळेच काही शोधताना दिसला. कारणमीमांसा नंतर रचली गेली. २०२२ साली जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येते याला सुसंगत पुरावा नाही, असे मांडले. त्यावर आपल्याकडच्या काही लेखकांनी लगेच 'गोळ्या निरुपयोगी ठरल्या' असे मथळे दिले.

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे सर्पगंधाच सांगते. रेसरपिन हा शब्द जन्मायच्या आधी शतकानुशतके ती मुळी लागू पडत होतीच. औषध का चालते याचे उत्तर चुकले म्हणून औषध चालायचे थांबत नाही. नैराश्यावरच्या २१ औषधांचे ५२२ प्रयोग एकत्र करून २०१८ साली चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सगळीच औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस आहेत. मात्र सरासरी फरक माफक आहे. स्किझोफ्रेनियात चित्र जास्त ठळक. २०१२च्या एका मोठ्या संकलनात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, औषध काढून खोटी गोळी दिलेल्यांत ६४ टक्के लोकांचा. पण हा आकडा जसा सांगावा तसा दुसराही सांगावा. नेदरलँड्समध्ये पहिल्या झटक्यातून सावरलेल्या १०३ रुग्णांना सात वर्षांनी पाहिले, तेव्हा सुरुवातीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध कमी केलेल्या गटात पूर्ण सावरलेले ४० टक्क्यांच्या आसपास होते, पूर्ण मात्रेच्या गटात १८च्या आसपास. मग इंग्लंडमध्ये खुद्द मॉनक्रिफ यांच्याच नेतृत्वाखालच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध कमी केल्याने दोन वर्षांत वागणे-वावरणे सुधारले नाही, आजार उलटण्याचे प्रमाण मात्र वाढले. प्रश्न मिटलेला नाही. मिटल्यासारखे लिहिणारे दोन्ही बाजूंचे लेखक वाचकाला फसवतात.

उपमाच हवी असेल तर आमच्याकडे भाताच्या खाचराचा बांध आहे. बांध पाणी धरतो. चिखलणी, लावणी, बेणणी बांध करत नाही, ती माणसांनीच करायची. बांध दरवर्षी पाहावा लागतो, आणि फाजील उंच घातला तर रोप कुजते. ही उपमाही पुरी पडत नाही, पण निदान ती बाकीची कामे कुणी करायची, हा प्रश्न शिल्लक ठेवते.

औषधांना मुळातून विरोध करणारे लेखनही मराठीत झिरपते आहे. त्याचे पूर्वज परदेशी आहेत: 'मानसिक आजार ही दंतकथा' असे १९६१ साली म्हणणारे थॉमस सास, २०१० साली औषधांमुळेच आजार लांबतात असे मांडणारे पत्रकार रॉबर्ट व्हिटेकर. त्यांच्या रागाला आधार आहे. किशोरवयीन मुलांसाठी मंजुरी नसलेले नैराश्यावरचे औषध खपवल्याच्या आणि इतर आरोपांपोटी २०१२ साली ग्लॅक्सो कंपनीने अमेरिकेत तीन अब्ज डॉलर भरले. आपल्याकडे पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी केलेली टीका मला या सर्वांहून वजनदार वाटते, कारण ती आयात केलेली नव्हती. रुग्णाला विचारले का, बाईला घराबाहेर काढण्यासाठी निदानाचा उपयोग झाला का, कोंडून घालण्याचा अधिकार कुणी दिला, हे त्यांचे प्रश्न इथले होते. त्यांचे २०२४ साली निधन झाले. मराठी नियतकालिकांनी त्यांच्या कामाची पुरेशी चर्चा केली नाही.

पण सास-व्हिटेकर यांचा राग जसाच्या तसा मुरबाडला लागू केला की तो हवेत वार करतो. इथे कंपनीचा प्रतिनिधी गोळी गळ्यात मारत नाही. गोळी मिळतच नाही. २०१६ सालच्या १ डिसेंबरला रोकडविरहित गाव म्हणून धसईचे नाव देशभर गाजले, भाजीवाल्याकडेही कार्ड घासण्याचे यंत्र आले. मनाच्या गोळीसाठी मात्र एसटीने मुरबाड, तिथून कल्याण, तिथून लोकलने ठाणे, आणि एक दिवसाची मजुरी. कायदा वाचला तर याचे एक कारण त्यातच लिहिलेले आहे. २०१७च्या कायद्याचे अठरावे कलम मोफत अत्यावश्यक औषधांचा हक्क देते, पण सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर. आपल्या राज्यात ती पातळी म्हणजे ग्रामीण रुग्णालय, तालुक्याचे ठिकाण. गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र त्या ओळीच्या खाली राहते. कायद्याची स्तुती करणाऱ्या लेखांत ही ओळ उद्धृत झालेली दिसत नाही. त्याच लेखांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे महाराष्ट्राचे म्हणून दिलेले असतात. २०१५-१६ साली झालेल्या त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच.

गोळी मिळाली तरी तिचे पंचांग वेगळे आणि आमचे वेगळे. ती महिन्याच्या तारखेने चालते, इथले जगणे हंगामाने. दिवाळी झाली, भात झोडून झाले की कातकरी आणि ठाकर वाड्यांतली कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. पुढच्या तारखेचा कागद घरात कुलपाआड राहतो. भट्टीवर दुसराच धोका. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ घामाने गेले की रक्तातली मात्रा वाढून विषारी होऊ शकते. त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हाने लवकर भाजते. काही औषधांनी घाम येणेच कमी होते आणि उष्माघाताचा संभव वाढतो. सकाळी उतरत नसलेली गुंगी घेऊन विळ्याने गवत कापायचे असते. शहरात बसून काम करणाऱ्याच्या शरीरासाठी सांगितलेली मात्रा आणि उन्हात राबणाऱ्याचे शरीर यांची गाठ कुणीतरी घालून द्यायला हवी, आणि बाह्यरुग्ण विभागातल्या चार मिनिटांत ती घातली जात नाही.

या सगळ्यात भगत येतोच. त्याच्याकडे आधी गेलेले कुटुंब अडाणी म्हणून रंगवणे मराठी कथेला फार सोपे वाटते. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले, हे विसरून भगतगिरीचे कौतुक करता येणार नाही. पण गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' एकाच आवारात ठेवून पाहिले गेले, आणि मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे धाडू लागले. भगत जवळ असतो, घरच्या बोलीत बोलतो, पूर्ण रात्र बसतो. गोळीच्या बाजूने लिहिणाऱ्या लेखकाने या तीन गोष्टींचे उत्तर दिले पाहिजे. टिंगल हे उत्तर नव्हे.

मला वाचायची आहे ती कथा भट्टीवरची. औषधाचे नाव तिथे कुणाला वाचता येत नाही, पट्टीवर ते इंग्रजीत असते. पांढरी सकाळची, पिवळी रात्रीची, अशी ओळख चालते. पुरवठादार बदलला की तेच औषध दुसऱ्या रंगात येते. पिवळीच्या जागी गुलाबी आली की घरातली म्हातारी ती चिमटीत धरून दिव्यापुढे नेते आणि विचारते, ही कुणाची गोळी आणलीस रे? उत्तर देणारे जवळ कुणी नसते, आणि त्या रात्री गोळी फडताळात परत जाते.